आई असल्याचा कागद

तुमच्या घरात १ जूनला वाढदिवस असलेलं कुणी आहे का? आजी, आजोबा, एखादे मामा? आमच्या बारामती-इंदापूरकडच्या कुठल्याही गावात साठी ओलांडलेल्यांची आधार कार्डं मागितली, तर १ जूनवाल्यांची रांगच लागेल. त्या दिवशी एवढी बाळं जन्मली होती म्हणून नव्हे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. गुरुजी विचारायचे, पोराचा जन्म कधीचा? उत्तर यायचं, "दुष्काळाच्या आदल्या साली, गणपतीत." गुरुजी वर्षाचा अंदाज बांधायचे आणि पोरगं पहिलीत बसेल असा हिशेब करून १ जून लिहून मोकळे व्हायचे.

एरवी ही हसून सोडून द्यायची गोष्ट. पण काका गेल्यानंतर माझ्या काकूला तिच्या लेकीकडे, अमेरिकेला, कायमचं राहायला जायचं ठरलं आणि हे सगळे जुने अंदाज एकेक करून टेबलावर आले. ताई आता तिकडची नागरिक आहे, त्यामुळे आईसाठी अर्ज करायचा तिला हक्क आहे. फॉर्म भरायला, कागद स्कॅन करायला इकडे मी. तेव्हा आज नेहमीसारखं उसाबद्दल नाही. म्हणजे थोडं आहे, पण ते पुढे.

या अर्जात मुख्य प्रश्न एकच असतो: ही बाई खरंच या अर्जदाराची आई आहे का? पुरावा म्हणून अर्जदाराचा, म्हणजे लेकीचा, जन्मदाखला लागतो आणि त्यावर आईचं नाव लागतं. वडिलांसाठी अर्ज असेल तर याशिवाय आई-वडिलांच्या लग्नाचा दाखलाही. आईला कागद एक, वडिलांना दोन. यामागे फार जुनी समजूत आहे. रोमन कायद्यात तत्त्वच होतं की आई कायम निश्चित असते, बाप मात्र लग्नावरून ठरतो. काकूला हे सांगितलं तर ती म्हणाली, "निश्चित हाय तर मग कागद कशाला मागत्यात?"

प्रश्न बरोबर होता. म्हणून मी थोडं मागे जाऊन बघायचं ठरवलं.

ताईचा जन्म १९८६ चा. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. काकूचं माहेर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाणलोटाकडेला. जन्माची नोंद मूल जिथं जन्मतं तिथं होते, आई-बाप जिथं राहतात तिथं नाही. त्यामुळे बारामती तालुक्यात वाढलेल्या, बारामतीत शिकलेल्या मुलीच्या जन्माचा कागद इंदापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत. ते गावठाण उजनी धरणामुळे वर सरकलेलं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि भीमाकाठची जुनी गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं मंदिर अजूनही पाणी उतरलं की वर दिसतं, ते तुम्ही फोटोत पाहिलं असेल.

आता याच इंदापूर तालुक्याची एक गंमत सांगते. महसुलाच्या इतिहासात या तालुक्याचं नाव मोठं आहे. पेशवाई संपल्यावर पुणे जिल्ह्यात जमिनीचा सारा ठरवायचा पहिला प्रयत्न प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं केला. तो पुस्तकी हिशेब रयतेला झेपला नाही, लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरातून नव्यानं मोजणी सुरू केली. शेत न् शेत मोजलं, मातीची प्रत ठरवली, आकार बसवला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. आज आपण ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो त्याचं मूळ तिथं आहे. म्हणजे इंदापूरच्या वावराचा कागद जवळजवळ १९० वर्षांचा.

आणि माणसाच्या जन्माचा? ब्रिटिश काळात नोंद व्हायची, नाही असं नाही. गावचा कोतवाल किंवा पाटील जन्म-मृत्यू लिहून ठेवायचा. त्यालाच कोतवाल बुक म्हणतात आणि महसुली भाषेत गाव नमुना १४. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायला जी जुनी बाडं तहसीलमध्ये काढली, मोडी वाचणारी माणसं शोधत लोक फिरले, त्यात ही पुस्तकं होती. पण ती ठेवली होती साथींचा आणि मृत्यूंचा अंदाज यावा म्हणून. एका माणसाला उद्या कुठं तरी आपलं नातं सिद्ध करावं लागेल, हा विचार त्यात नव्हता. त्यामुळे रकाने कसे, तर तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव नाही, कारण बारसं व्हायचं असायचं. आईचं नाव पुष्कळदा नाहीच. १८८६ साली जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचा कायदा आला होता, पण नोंद करायची की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. सक्तीचा कायदा झाला १९६९ साली आणि महाराष्ट्रात लागू झाला १ एप्रिल १९७० पासून.

१८३६ आणि १९७०. मधली १३४ वर्षं सरकारला इंदापुरातलं कुठलं वावर कुणाचं हे पक्कं माहीत होतं आणि कुठलं लेकरू कुणाचं हे अंदाजानं. यात दुष्टपणा शोधायला नको. वावरातून सारा येत होता, लेकरातून काही येत नव्हतं. पण त्या फरकाची किंमत आज काकूसारखी माणसं भरतात.

कायदा सक्तीचा झाला म्हणून नोंद पूर्ण झाली असंही नाही. कलम १४ मध्ये मुलाच्या नावाशिवाय नोंद करायची सोय आहे, नाव नंतर भरता येतं. पहिल्या वर्षात फुकट, पुढे उशिराचं शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. ती मुदतही उलटून गेलेले इतके निघाले की सरकारला पुन्हा पुन्हा मुदत वाढवून द्यावी लागली. तुमच्या स्वतःच्या दाखल्यावर नाव आहे का, हे हा लेख वाचून झाल्यावर जरूर बघा.

आम्हाला ताईची नोंद सापडली. नावाचा रकाना कोरा, लिंग "मुलगी". वडिलांचं नाव बरोबर. आणि आईचं नाव? होतं. पण ते काकूचं माहेरचं नाव होतं. माझ्या ओळखीतल्या कुणीही काकूला त्या नावानं हाक मारलेली नाही. नोंद सांगायला तिचे वडील गेले असणार, आणि त्यांच्या तोंडी लेकीचं जे नाव तेच त्यांनी सांगितलं. सासरचं नाव लग्नात काकांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं होतं. आधार, पासपोर्ट, रेशन कार्ड, बँक, सगळीकडे तेच. तांदळातल्या त्या अक्षरांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. लग्नाची नोंदणी केलेली नव्हती. त्या काळी गावात कोण करत होतं? लग्नपत्रिकेवर अर्थातच माहेरचं नाव.

म्हणजे कागदानुसार ताईला जन्म देणारी बाई एक आणि ताईच्या घरी राहायला निघालेली बाई दुसरी.

नाव दुरुस्तीसाठी आम्ही एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. दर खेपेला वेगळा कागद कमी निघाला. राजपत्रात नावबदल छापून घेतला, प्रतिज्ञापत्र केलं. ताईच्या शाळेचा निर्गम उतारा काढला, त्यात फक्त वडिलांचं नाव. (मूल, आई, वडील, आडनाव अशा क्रमानं नाव लिहायचा महाराष्ट्राचा नियम १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी आहे. काकूला त्याचा काय उपयोग!) सगळ्यात स्पष्ट कागद मिळाला तो तलाठ्याकडे. काका गेल्यावर वारस नोंद झाली, तिचा फेरफार. त्यात स्वच्छ लिहिलंय, पत्नी अमुक, मुलगी अमुक. पुन्हा जमीनच मदतीला आली. पण तो कागद आत्ताचा, जन्मानंतर कितीतरी वर्षांनी झालेला, त्यामुळे व्हिसाच्या भाषेत तो दुय्यम पुरावा. मामांनी प्रतिज्ञापत्र दिलं की भाचीचा जन्म माझ्यासमोर झाला. साल कसं आठवलं? "उजनीचं पाणी आलं, गावठाण वर आलं, त्याच्यानंतर पाच-सहा वर्षांनी." आणि मामांची स्वतःची जन्मतारीख, अंदाज करा, १ जून.

यावर तिकडून पत्र आलं, आणखी पुरावा द्या.

खरं तर अमेरिकेत आईसाठी हा दरवाजा उघडून फार काळ झालेला नाही. १९४६ पर्यंत भारतीय माणसाला तिथं नागरिकच होता येत नव्हतं. त्या वर्षी कायदा बदलला, पण कोटा ठरला वर्षाला १०० माणसांचा, अख्ख्या भारतासाठी. १९५२ च्या कायद्यात नागरिकांच्या आई-वडिलांना प्राधान्य मिळालं, तेही कोट्याच्या आत. ऑक्टोबर १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्यानं मात्र २१ वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाचे आई-वडील संख्येच्या मर्यादेतून पूर्ण बाहेर काढले. त्यानंतर प्रश्न "जागा आहे का" हा उरला नाही. "तू खरंच आई आहेस का" एवढाच उरला. आणि जिथं सगळं एका नात्यावर येऊन ठरतं, तिथं त्या नात्यावर संशयही तितकाच घेतला जातो.

हा संशय कुठवर जाऊ शकतो ते ब्रिटननं दाखवलं. १९६९ पासून तिथं राहणाऱ्यांच्या कुटुंबीयांना निघण्याआधीच प्रवेशाचा दाखला घ्यावा लागायचा, आणि त्यासाठी भारत, पाकिस्तान, पुढे बांगलादेशात मुलाखती व्हायच्या. नवरा, बायको, मुलं यांना वेगवेगळं बसवून घरातले बारीकसारीक तपशील विचारायचे. उत्तरं जुळली नाहीत की नातं खोटं. आपल्याकडची माणसं विचारा, घरात दारं किती, तर एक जण ओट्याचं धरेल, दुसरा धरणार नाही. मुलांचं वय ठरवायला हाडांचे एक्स-रे काढायचे. ते शास्त्रीयदृष्ट्या कच्चं होतं, कारण हाडावरून वय एक-दोन वर्षांच्या फरकानंच सांगता येतं. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली.

आणि मग आली ती गोष्ट, जी मला एमएस्सीला शिकवली होती, पण अर्धीच. लेस्टर विद्यापीठातल्या ॲलेक जेफ्रीज यांनी सप्टेंबर १९८४ मध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंगचा शोध लावला. आपण ते म्हटलं की खून, पोलीस, न्यायालय आठवतो. पण या तंत्राचा पहिला वापर गुन्ह्यात झालेलाच नाही. तो झाला १९८५ साली, एका आईसाठी.

घानाचं कुटुंब, मुलगा जन्मानं ब्रिटिश. तो काही काळ घानात वडिलांकडे राहून परत आला, तर विमानतळावर अधिकाऱ्यांना वाटलं, हा तो मुलगाच नव्हे. बहिणीचा मुलगा असेल, आपला म्हणून आणलाय. रक्तगटाच्या चाचण्यांनी एवढंच सांगितलं की दोघं नात्यातले आहेत. आई की मावशी, ते सांगता येईना. वडील तपासणीला उपलब्ध नव्हते. जेफ्रीजकडे होती ती आई, हा मुलगा आणि तिची आणखी तीन मुलं, ज्यांच्याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

त्यांनी काय केलं ते बघा, कारण यात खरी हुशारी आहे. डीएनएचे पट्टे काढले की मुलातला प्रत्येक पट्टा आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. त्या तीन भावंडांचे जे पट्टे आईत नाहीत, ते वडिलांचे. म्हणजे तीन मुलांवरून गैरहजर बापाचं अर्धंमुर्धं चित्र उभं राहिलं. आता वादातल्या मुलाचे पट्टे घेतले, त्यातून बापाचे वजा केले. उरलेले सगळेच्या सगळे आईत सापडले. ती मावशी असती तर साधारण निम्मेच सापडले असते, कारण सख्ख्या बहिणींमध्ये सरासरी निम्माच वारसा सारखा असतो. सरकारनं माघार घेतली, मुलगा आईकडे राहिला, आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये हा निबंध 'नेचर'मध्ये आला. पुढे ब्रिटिश सरकारनं ढाका आणि इस्लामाबादमध्ये ही चाचणी प्रयोग म्हणून करून पाहिली. आधी नाकारलेल्या अर्जदारांपैकी बहुतेकांचं नातं त्यांनी सांगितलं तसंच निघालं. म्हणजे इतकी वर्षं ती माणसं खरंच बोलत होती.

मी उसाच्या वाणांवर हेच करते, जरा वेगळ्या खुणा वापरून. (उसात हे जास्त अवघड जातं. माणसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती, उसात आठ-दहा.) तुमच्या शेतात को ८६०३२ असेल, आपण ज्याला नीरा म्हणतो तो, तर त्याचे आई-बाप कागदावर अगदी पक्के आहेत: को ६२१९८ आणि कोसी ६७१. प्रयोगशाळेत मी ते कितीदा लिहिलं असेल. काकूच्या बांधावरच्या उसाची वंशावळ मला तोंडपाठ आणि काकूच्या लेकीची सिद्ध होत नाही, हे लक्षात आलं तेव्हा मी जरा वेळ तशीच बसून राहिले.

डीएनए हा शेवटचा उपाय मानतात आणि तो ऐच्छिक असतो, हे लक्षात ठेवा. कागद पुरेसे असतील तर कुणी मागत नाही. अमेरिकेत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच अहवाल चालतो आणि ९९.५ टक्के किंवा जास्त खात्री लागते. लेक तिकडे नमुना देते, किट इकडे थेट ठरवलेल्या डॉक्टरांकडे येतं, घरच्यांच्या हातात ते कधीच पडत नाही. या चाचणीला एकच प्रश्न कळतो, तेही विसरू नका. जन्मदाती एक आणि वाढवणारी दुसरी, अशी घरं आपल्याकडे थोडी नाहीत. आई गेल्यावर मावशीनं वाढवलेल्या मुलाला ही चाचणी काय सांगेल? हीच, की ती मावशी आहे. फ्रान्सनं २००७ साली कायद्यात ही चाचणी आणली, तीही फक्त आईपुरती, आणि इतका गदारोळ झाला की ती प्रत्यक्षात आलीच नाही.

बाकी देशांत तर नातं सिद्ध करून भागतही नाही. ब्रिटननं जुलै २०१२ पासून असा नियम केला की आई किंवा वडील इतके परावलंबी हवेत की रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते, आणि ती मदत मायदेशात पैसे मोजूनही मिळू नये. २०१७ मध्ये अपील न्यायालयानं तो नियम कायम ठेवला. ऑस्ट्रेलियात किमान निम्मी मुलं तिथं स्थायिक असावी लागतात, आणि स्वस्तातल्या व्हिसाची रांग तीस वर्षांची. सत्तरीतल्या माणसाला तीस वर्षं! कॅनडात कायमच्या अर्जांसाठी सोडत निघालेली आहे. सुपर व्हिसा आहे, एका वेळी पाच वर्षं राहता येतं, पण तो पाहुण्याचाच. जर्मनीनं मात्र मार्च २०२४ नंतर परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडील नेण्याची वाट थोडी मोकळी केली. यांच्या तुलनेत काकूचं सोपं म्हणायचं. तिला फक्त आई असायचं होतं.

मुंबईला मीच घेऊन गेले. पहाटेची गाडी, काकूनं धपाटे बांधलेले. डॉक्टरांनी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, पाकिटात घातली, सही घेतली, फोटो काढला. सगळं मिळून पाचेक मिनिटं. बाहेर आल्यावर काकू म्हणाली, "एवढंच? मग त्या तीन खेपा कशापायी घातल्या?" थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबली. "आन् समजा मशिननं न्हाई म्हटलं तर?"

मी म्हटलं, असं होत नाही काकू. मला आकडे माहीत आहेत, तसं होत नाही. पण अहवाल येईपर्यंतच्या तीन आठवड्यांत तिनं ताईशी फोनवर नीट बोलणं टाळलं, हे मला नंतर ताईनं सांगितलं. दवाखान्यात बाळ बदललं असेल तर, असं तिच्या डोक्यात आलं होतं. जन्म तर घरीच झाला होता, सुईणीच्या हातून, तिच्या स्वतःच्या आईसमोर. तरीही आलं. आकडा आला ९९.९९ च्या वर. ताईनं व्हॉट्सॲपवर तो कागद पाठवला, काकूनं तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "उरल्यालं कुठं गेलं?" मग मला बसून सांगावं लागलं की शास्त्रात शंभर कधीच लिहीत नाहीत, जन्मदाखल्यावर लिहितात तसं.

आता मुलाखतीची तारीख यायची आहे. ग्रीन कार्ड मिळालं की वर्षभराहून जास्त तिकडून बाहेर राहिलं तर ते सोडून दिलं असं धरतात, हे मी तिला दोनदा समजावलं आहे. ती ऐकते, मान डोलावते. परवा फोन केला तर घरी नव्हती. खोडव्याची नोंद करायला कारखान्याच्या गट ऑफिसला गेली होती.